गणित परिषदेसाठी व्याख्यानांचे प्रस्ताव कसे मागवावेत: सीमाभागातल्या नव्या संयोजकांसाठी

परिषद भरवायचं ठरलं की पहिल्या बैठकीत हॉल, जेवण, उद्घाटक आणि बॅनर यांवर दोन तास जातात. व्याख्यानं कुठून येणार हा विषय सगळे उठायला लागल्यावर निघतो आणि कोणीतरी म्हणतं, "एक पीडीएफ करून ग्रुपवर टाकू की." पहिल्या खेपेला आम्ही तेच केलं. इंग्रजीतलं एक पान, वर मानचिन्हं, मधे वीस-बावीस विषयांची यादी, खाली "फक्त मौलिक संशोधन स्वीकारले जाईल". प्रस्ताव आले ते एकमेकांना आधीच ओळखणाऱ्या कॉलेजांतून. पुढे काही दिवसांनी खानापूरच्या बाजूच्या एका हायस्कूलचे गणिताचे सर खडेबाजारात भेटले. "पत्रक बघितलं होतं की मी. पण माझं काय काम तिथं? मी आठवीला शिकवायलोय," म्हणाले. या माणसाला वर्गात काय काय सुचलेलं असतं हे मला ठाऊक होतं, आणि आमच्याच पानानं त्यांना दारातून परत पाठवलं होतं.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी किंवा तिकडे कारवार-भालकीच्या बाजूला पहिल्यांदाच गणिताची विभागीय परिषद घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय. प्रस्ताव मागवण्यापासून होकार-नकार कळवेपर्यंतचं काम क्रमानं सांगतो. जास्त जागा आवाहनाच्या मजकुराला देणार आहे, कारण परिषदेला कोण येणार हे तिथेच ठरतं.

आधी वेळ मोजा

किती व्याख्यानं घेता येतील हे माहीत नसताना आवाहन काढू नका. कागद घ्या आणि वजाबाकी करा. दोन दिवसांची परिषद धरू. पहिल्या दिवशी उद्घाटन, दोन निमंत्रित व्याख्यानं, दोन चहा आणि जेवण वजा केलं तर एका खोलीत साधारण 180 मिनिटं उरतात. दुसऱ्या दिवशी समारोप धरून तेवढीच. एका व्याख्यानाला 20 मिनिटं द्या: 15 बोलायला, 3 प्रश्नांना आणि 2 पुढच्या वक्त्याचा पेनड्राइव्ह लागेपर्यंत. म्हणजे एका खोलीत दिवसाला 9, दोन दिवसांत 18, दोन खोल्यांत 36.

तिसरी खोली उघडायचा मोह होतो. टाळा. शंभरेक माणसं तीन खोल्यांत विभागली, त्यातली निम्मी चहाजवळ उभी राहिली, तर लांबून आलेला मुलगा पंधरा जणांसमोर बोलतो आणि त्यातले चार जण पुढचे वक्ते असतात. 36 पैकी 34 भरा आणि दोन मोकळ्या ठेवा. उद्घाटन लांबतंच.

तारीख ठरवताना आपल्या भागाचं कॅलेंडर बघा

22 डिसेंबर हा रामानुजनचा जन्मदिवस, राष्ट्रीय गणित दिन. साहजिकच सगळ्यांना परिषद त्याच आठवड्यात हवी असते. पण कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन सुवर्ण विधानसौधात बहुधा डिसेंबरातच असतं. त्या दिवसांत बेळगावात लॉजची खोली मिळत नाही आणि मिळाली तर भाव विचारायला नको. 1 नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या, आसपास शहरात मिरवणुका आणि बंदोबस्त असतो, बाहेरून येणाऱ्याला स्टँडवरून हलणं कठीण. फेब्रुवारीचा पहिला आठवडा मला सोयीचा वाटतो. तरी पीयूच्या (अकरावी-बारावीच्या) प्रात्यक्षिक परीक्षा आणि कॉलेजच्या सेमिस्टर परीक्षा कधी आहेत याची चौकशी करूनच शिक्कामोर्तब करा.

तिथून मागे मोजा. इथे एक गोष्ट पुण्या-मुंबईकडच्या संयोजकाला सुचणार नाही. आपल्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला असते, कोल्हापूर-सांगलीकडच्या शाळांना दिवाळीला. शिक्षक प्रस्ताव लिहितो तो सुट्टीत. म्हणून आवाहन सप्टेंबरच्या मध्याला हातात पडलं पाहिजे आणि शेवटची तारीख दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात हवी. दोन्हीकडच्या सुट्ट्या त्या मुदतीत येतात. निकाल 5 डिसेंबरपर्यंत कळवा. रेल्वेचं आगाऊ आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस आधी उघडतं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्याचं तिकीट काढायचं तर वक्त्याला तोवर होकार कळलेला हवा. भालकी-औरादहून येणाऱ्याला रात्रभराचा प्रवास आहे, त्याला जानेवारीत कळवून भागत नाही.

आवाहनाचा मजकूर

पहिल्या चार ओळींत एवढंच सांगा: कधी, कुठे, कोण बोलू शकतं, किती मिनिटं. संस्थेचा इतिहास, मान्यतेची श्रेणी आणि शहराचं वर्णन शेवटी टाका किंवा गाळाच.

"कोण बोलू शकतं" ही ओळ सगळ्यांत महत्त्वाची. आम्ही ती दुसऱ्या खेपेला अशी लिहिली: "महाविद्यालय आणि विद्यापीठातील संशोधक, एमएस्सीचे विद्यार्थी, हायस्कूल आणि पीयूचे शिक्षक, तसेच उद्योगात गणित वापरणारे अभियंते." आणि खाली व्याख्यानाचे तीन प्रकार दिले. एक, नवं संशोधन. दोन, ज्ञात विषयाची ओळख, म्हणजे एखादं प्रमेय, एखादी पद्धत नव्यानं समजावून सांगणं. तीन, वर्गातलं गणित. दुसरा आणि तिसरा प्रकार छापून दिला नाही तर शिक्षक स्वतःहून विचारत नाहीत. "फक्त मौलिक" हा शब्द तर काढूनच टाका. पंधरा मिनिटांत एक जुनी सिद्धता स्वच्छ सांगणारा माणूस दोन दिवसांच्या कार्यक्रमात फार मोलाचा असतो.

विषयांची लांब यादी देण्यापेक्षा चार-पाच ठळक विभाग द्या आणि प्रत्येकाला आपल्या मातीतलं एखादं उदाहरण जोडा. उपयोजित गणित म्हटलं की वाचणाऱ्याला नेमकं काय ते कळत नाही. गळीत हंगामात साखर कारखान्याच्या गेटबाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते, तिथे रांगांचा सिद्धांत आहे. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत ओतकाम थंड होतं, तिथे उष्णतेचं समीकरण आहे. घटप्रभेवरच्या हिडकल धरणातून पाणी कधी, किती सोडायचं, हा संभाव्यतेचा आणि इष्टतमीकरणाचा प्रश्न आहे. इतिहासाच्या विभागाला महावीराचार्यांचं नाव द्या. इसवी सन 850 च्या सुमारास राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात त्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला, आणि त्यात गुणाकार असे दिलेत की उत्तर माळेसारखं दिसावं: 152207 गुणिले 73 बरोबर 11111111. पत्रकावर एवढं एक उदाहरण छापलं की शिक्षक कॅल्क्युलेटर काढून ताडून बघतो आणि पान टाकून देत नाही.

आता भाषा. आपल्याकडे पत्रकावर कुठली भाषा वर आहे हे लोक आधी बघतात. तीन स्वतंत्र पानं काढा: मराठी, कन्नड, इंग्रजी. तिन्ही सारख्या आकाराची, तिन्ही एकाच दिवशी. कन्नड पान कन्नड सहकाऱ्याला पहिल्यापासून स्वतंत्र लिहायला सांगा. मराठीवरून मशीननं उल्था केलेलं पान त्यांच्या लगेच लक्षात येतं आणि मनाला लागतं. शब्दही वेगळे आहेत. आपली मूळ संख्या ती त्यांची अविभाज्य संख्या. आपलं वर्तुळ ते त्यांचं वृत्त. आपलं गुणोत्तर म्हणजे त्यांचा अनुपात. व्याख्यान मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी यांपैकी कशातही चालेल, स्लाइडवरची सूत्रं आणि व्याख्या मात्र इंग्रजीत असाव्यात, असं स्पष्ट लिहा. आपल्याकडची मराठी माध्यमाची मुलं एसएसएलसीपर्यंत (दहावीपर्यंत) मराठीत गणित शिकतात आणि पीयूला सायन्स घेतलं की एकदम इंग्रजीत पडतात. त्यांच्या शिक्षकांकडे या उडीबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते त्यांना मराठीतच नीट सांगता येतं.

शुल्क असेल तर रक्कम पहिल्या पानावर लिहा. विद्यार्थ्यांना माफ असेल तर तेही. जेवण आणि राहणं धरून की वेगळं, हेही. राष्ट्रीय उच्च गणित मंडळ परिषदांना अनुदान देतं. तो अर्ज कित्येक महिने आधी करायचा असतो, तेव्हा ते काम आवाहनाच्या आधीचं समजा. "निवडक निबंध नामांकित जर्नलमध्ये प्रसिद्ध होतील" ही ओळ संपादकाचं लेखी पत्र हातात असल्याशिवाय टाकू नका. जुन्या पत्रकावरून मजकूर उचलत असाल तर यूजीसी-केअर यादीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य जर्नलांच्या यादीचा, उल्लेखही काढा, ती यादी आयोगानं 2025 मध्ये बंद केली.

फॉर्ममध्ये काय विचारायचं

नाव, संस्था, फोन, व्याख्यानाची भाषा, प्रकार, शीर्षक, गोषवारा, आणि श्रोत्याला आधी काय माहीत असावं लागेल. बस. संशोधनाच्या प्रकारात विषयाचा कोड मागायला हरकत नाही. जगभरचं गणित-वर्गीकरण (इंग्रजी आद्याक्षरांत एमएससी) 2020 मध्ये सुधारलं गेलं, त्यात दोन आकडी 63 विभाग आहेत; 05 म्हणजे कॉम्बिनेटोरिक्स, 11 संख्या सिद्धांत, 35 आंशिक विकलक समीकरणं, 97 गणित शिक्षण. पण त्या रकान्याला नुसतं "एमएससी" असं नाव दिलं की लोक तिथे आपली पदवी आणि वर्ष भरतात. "विषय-वर्गीकरण कोड, माहीत असल्यास" असं लिहा.

लाटेक्सची, म्हणजे गणिताची सूत्रं टाइप करायच्या प्रणालीची, सक्ती नको. गोषवारा फॉर्ममध्ये टाइप करता येईल, वर्ड फाइल चालेल, सूत्रं हातानं लिहून फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला तरी चालेल, असं सांगा. टायपिंग करायला तुमच्याकडे दोन एमएस्सीची मुलं असतातच. एकच अट घाला: मराठी आणि कन्नड मजकूर युनिकोडमध्ये हवा. जुन्या श्रीलिपी किंवा नुडी फॉन्टमधली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसती चिन्हं दिसतात, आणि छापायच्या आदल्या रात्री ते लक्षात येतं.

गोषवारा लिहायला मदत करा

अनेकांनी आयुष्यात गोषवारा लिहिलेला नसतो. "250 शब्दांत गोषवारा पाठवा" एवढ्यानं त्यांचं भागत नाही. नमुना जोडावा लागतो.

वर सांगितलेल्या त्या सरांना दुसऱ्या खेपेला मी स्वतः फोन केला. त्यांनी पाठवलेली पहिली ओळ होती, "मानवी जीवनात गणिताचे महत्त्व अनन्यसाधारण आहे." पुढची सगळी पानभर तशीच. मी म्हटलं, "सर, हे राहू द्या. या महिन्यात वर्गात पोरांनी काय केलं ते सांगा." मग ते मोकळे झाले. तीन अंकी संख्या घ्यायची, अंक उतरते मांडायचे, चढते मांडायचे, वजा करायचं, आलेल्या उत्तरावर परत तेच. सगळा वर्ग 495 वर येऊन थांबला. एका मुलीनं विचारलं, "सर, मधे सारखा 9 कसा काय येतोय?" आणि सरांनी दुसऱ्या दिवशी तिचं उत्तर तयार करून नेलं. फोनवर बोलता बोलता त्यांनी मला हेही सांगितलं की सर्वांत मोठ्या आणि लहान अंकांतला फरक 1 असला की उत्तर 099 येतं, त्यातला पुढचा शून्य पोरं टाकून देतात आणि मग घोळ होतो. मी म्हटलं, "हेच लिहा." गोषवारा शेवटी असा झाला:

"मधला अंक नेहमी 9 का? तिन्ही अंक सारखे नसलेली कोणतीही तीन अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने मांडून होणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. सर्वांत मोठा अंक अ आणि सर्वांत लहान क असल्यास उत्तर 99(अ−क) येते, म्हणून मधला अंक 9 असतो. हीच कृती पुन्हा पुन्हा केल्यास जास्तीत जास्त सहा पायऱ्यांत 495 येते. हा निष्कर्ष ज्ञात आहे. चार अंकी संख्यांचा 6174 हा स्थिरांक द. रा. कापरेकर यांनी शोधला. आठवीच्या मुलांकडून ही सिद्धता कशी काढून घेतली आणि ती कुठे अडखळली, हे मी मांडणार आहे. ऐकण्यासाठी सुरुवातीचे बीजगणित पुरेसे."

यात बघा काय काय आहे. एक नेमकं विधान. कुठलं आधीचं आणि कुठलं स्वतःचं याची स्पष्ट कबुली. कोणाला समजेल ते. पंधरा मिनिटांत मावेल एवढाच मजकूर. संशोधनाच्या गोषवाऱ्यालाही याहून वेगळं काही लागत नाही. हा नमुना, वक्त्याची परवानगी घेऊन, आम्ही पुढच्या आवाहनाच्या मागे छापला. कापरेकर स्वतः देवळालीला शाळेत शिकवत होते, हे त्याच पानावर खाली लिहिलं, आणि त्याचा परिणाम जाणवला.

त्या व्याख्यानानंतरच्या तीन मिनिटांत एमएस्सीच्या एका मुलानं विचारलं की दहाऐवजी नऊचा पाया घेतला, म्हणजे संख्या 0 ते 8 एवढ्याच अंकांत लिहिल्या, तर काय. जेवणाच्या सुट्टीत दोघांनी पत्रावळीशेजारी कागद घेऊन करून बघितलं: नऊच्या पायात संख्या एका जागी थांबत नाही, 385 आणि 484 यांच्यात येरझाऱ्या घालते. सम पायात स्थिरांक मिळतो, विषम पायात दोन संख्यांची फेरी. आठवीचे सर आणि एमएस्सीचा मुलगा एका बाकावर बसून हे करत होते, ते बघून मला फार बरं वाटलं. परिषद मी त्यासाठीच घेतो.

पोहोचवणं

आपण एका चौकात बसलोय. धारवाडला कर्नाटक विद्यापीठ, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ, घाटाखाली गोवा विद्यापीठ, आणि घरात राणी चन्नम्मा विद्यापीठ व विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ. पहिल्या चारही विद्यापीठांच्या गणित विभागांना आणि तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या अखत्यारीतल्या इंजिनिअरिंग कॉलेजांना ईमेल करा, तो एका दिवसाचा विषय आहे. विभागप्रमुखाला पाठवलेलं पत्र बऱ्याचदा फाइलला लागतं, तेव्हा प्रत्येक विभागातल्या एका संशोधक विद्यार्थ्यालाही पाठवा. तो नोटीस बोर्डावर लावतो.

शाळांचं काम वेगळं. तिथे छापील कागद जावा लागतो. तालुक्याच्या गटशिक्षणाधिकारी कार्यालयात मुख्याध्यापकांच्या बैठका होतात, तिथे परवानगी घेऊन पाच मिनिटं बोला आणि पत्रकं हातात द्या. त्याहून उपयोगी पडतो तो फोन. प्रत्येक तालुक्यातले दोन-तीन चांगले गणित शिक्षक कोण, हे तिथल्या कोणालाही विचारलं की कळतं. त्यांना नाव घेऊन सांगा, "बाई, तुमचा भूमितीचा तास मुलं अजून आठवतात म्हणे. पंधरा मिनिटं आमच्याकडे बोलाल का?" अशा वीस फोनांमधून जेवढं मिळतं तेवढं हजार मेसेजमधून मिळत नाही. शाळेतून रजा मिळवायला शिक्षकाला निमंत्रणपत्र लागतं. ते मागण्याआधीच पाठवायची तयारी ठेवा.

शेवटच्या तारखेच्या दहा दिवस आधी एक आठवण पाठवा. निम्मे प्रस्ताव त्यानंतरच येतात. मुदत एकदाच, आठवडाभर वाढवा. पुन्हा पुन्हा वाढवली की ज्यांनी वेळेत पाठवलं त्यांच्यावर अन्याय होतो.

वाचताना

प्रत्येक प्रस्ताव दोघांनी स्वतंत्र वाचावा, त्यातला एक बाहेरच्या संस्थेचा. नावं झाकून वाचायचा आग्रह मी धरत नाही. एवढ्या लहान भागात विषयावरून माणूस ओळखू येतोच. पण स्वतःच्या विद्यार्थ्याचा किंवा स्वतःच्या कॉलेजचा प्रस्ताव आपण वाचायचा नाही, एवढं कडक पाळा. मराठी प्रस्ताव मराठी जाणणाऱ्याकडे, कन्नड कन्नड जाणणाऱ्याकडे. तिन्ही प्रकारांना जागा आधीच वाटून ठेवा, नाहीतर संशोधनाचे प्रस्ताव वजनदार दिसतात आणि वर्गातलं गणित तळाला जातं. आम्ही 34 पैकी 10 जागा तिसऱ्या प्रकाराला बाजूला काढतो.

काही प्रस्ताव शब्दांनी भरलेले असतात आणि त्यात एकही विधान नसतं. हल्ली असा मजकूर मशीनकडून चटकन लिहून मिळतो. फोन करून विचारा, "तुमचं मुख्य प्रमेय एका वाक्यात सांगा." काम केलेला माणूस लगेच सांगतो.

आणि दर वर्षी कोणीतरी पट्टी-कंपासनं कोनाचे तीन समान भाग केल्याची सिद्धता पाठवतं. प्रत्येक कोनाला लागू पडेल अशी कृती असूच शकत नाही, हे पिएर वांझेलनं 1837 मध्येच सिद्ध केलं. पाठवणारे बहुधा निवृत्त गृहस्थ असतात आणि त्यांनी त्यावर कित्येक रात्री घालवलेल्या असतात. त्यांना दोन ओळींत झटकू नका. वांझेलचं काम काय होतं ते सोप्या शब्दांत लिहा, त्यांच्या कृतीतून मिळणारा कोन किती जवळ जातो ते मोजून सांगा, आणि श्रोता म्हणून बोलवा. एक काका असे आले आणि पहिल्या रांगेत बसून त्यांनी सगळी व्याख्यानं ऐकली.

कळवताना

होकाराच्या पत्रात दिवस, खोली, मिनिटं, भाषा आणि "अमुक तारखेपर्यंत येणार असल्याचं कळवा" हे हवं. "थोडी दुरुस्ती करून पाठवा" असं ज्यांना सांगायचं, त्यांना दुरुस्ती नेमकी कुठली तेही लिहा. "गोषवारा सुधारावा" यातून काहीच कळत नाही. नकार फोनवर द्या, पत्र नंतर. नकाराचं एक खरं कारण सांगा आणि जमण्यासारखं असेल तर भित्तिपत्रकाची जागा द्या. चहाच्या वेळी लोक भित्तिपत्रकांजवळच थांबतात.

सहा-सात नावांची प्रतीक्षा यादी ठेवा आणि त्यांना तसं स्पष्ट सांगा. आठवडाभर आधी सगळ्या वक्त्यांना एकदा फोन होतो तेव्हा दोघं-तिघं गळतातच: कोणाच्या घरी लग्न निघतं, कोणाला परीक्षेची ड्यूटी लागते. पहिल्यांदा बोलणाऱ्यांना त्याच फोनवर सांगा की आदल्या संध्याकाळी खोली उघडी असेल, येऊन एकदा प्रोजेक्टरवर बोलून बघा. खानापूरचे सर आले होते. खडूनं फळ्यावर 099 लिहिलं, पुढचा शून्य दोनदा गिरवला आणि विचारलं, "मागच्या बाकावरनं दिसतंय काय हे?"